हिरव्या हवेविरुद्ध तक्रार

"लाल नोंदीचा क्रमांक सांगा," मोबाईलमधली बाई गोड आवाजात म्हणाली.

"लाल नाहीये गं बाई! हिरवाच आहे, तीच तर तक्रार आहे," वैजयंता ओरडली.

"हिरव्या हवेविरुद्ध तक्रार नोंदवता येत नाही. आपला दिवस आरोग्याचा जावो."

वैजयंतानं मोबाईल डब्याच्या पिशवीत कोंबला. जेवणाची सुट्टी संपत आली होती, भाकरी तशीच राहिली होती, आणि सकाळपासून तिचं हे असंच चाललं होतं. कामगार खात्याच्या हेल्पलाइनवर बोलायला माणूस नव्हतं. जिल्ह्याच्या ऑफिसात माणूस होतं, पण ते म्हणालं की हेल्पलाइनवर नोंदवा. असल्या कायद्यापुढं कुणी डोकं आपटावं? बरं, कायदाच वाईट म्हणावं तर तसंही नव्हतं. म्हणून तर तिला जास्त चीड यायची.

धापेची दुसरी साथ चालू होती तेव्हाची ही गोष्ट. तो ताप थेट छातीत उतरायचा, चार पायऱ्या चढल्या तरी माणसाला धाप लागायची, म्हणून लोकांनीच त्याला ते नाव दिलं. पहिल्या साथीत कारखानदारांनी कानावर हात ठेवले होते. जो आजारी पडेल त्याला एकच उत्तर: हे तुम्ही घरून आणलंत, आमच्याकडून नाही. आणि हवेतून कुणी कुणाकडून काय घेतलं हे सिद्ध कोण करणार? माणसं आजारी पडली, बिनपगारी घरी बसली, बरी होऊन आली तर जागेवर दुसरंच कुणीतरी. पुष्कळ आरडाओरडा झाला, मोर्चे झाले, तेव्हा कुठे श्वास-सुरक्षा कायदा आला. त्या कायद्याबरोबर हवा मोजणारं यंत्रही आलं.

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या ऋचीक हार्नेसमध्ये ते हॉलच्या मधल्या खांबावर बसवलं. हा कारखाना विजेच्या स्कूटरांसाठी वायरींचे जुडगे बांधतो. लांब फळ्यांवर खुंट्या ठोकलेल्या असतात. त्या खुंट्यांमधून लाल, पिवळ्या, काळ्या वायरी ओवायच्या, वरून टेप गुंडाळायची आणि फळी पुढं सरकवायची. हे काम बायकाच करतात आणि खांद्याला खांदा लावून करतात. खिडक्या नाहीत, सगळा गार हवेचा बंद हॉल. एक खोकली की तिघींच्या तोंडावर, अशी ती जागा.

यंत्र दिसायला बोअरच्या स्टार्टरपेटीएवढं. समोर जाळी, वर एक दिवा, झाकणाला सरकारी सील. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं बायांना जमवून नीट समजावलं होतं.

"आत एक पंखा आहे, तो हॉलमधली हवा ओढतो. ती हवा एका ओलसर काचेवर आपटते. त्या काचेवर प्रथिनांचे बारीक आकडे लावलेत, डोळ्यांना न दिसणारे. धापेचा विषाणू आला की नेमका त्या आकड्यात अडकतो, आणि अडकला की तो आकडा चमकायला लागतो. आम्ही दर मिनिटाला काचेवर निळा प्रकाश टाकतो. जितके विषाणू, तितकी हिरवट-पिवळी चमक. ती मोजली जाते, आणि हद्दीबाहेर गेली की वरचा दिवा लाल."

"आणि धूळबीळ चमकली म्हणजे?" वैजयंतानं विचारलं होतं.

"म्हणून तर रोज पहाटे हॉल रिकामा असताना यंत्र आपलं आपण शून्य लावून घेतं, ताई. त्या वेळी काचेवर जी चमक असेल ती फालतू समजायची आणि दिवसभर वजा करत राहायची."

वैजयंता घोरपडे ही बायांनी निवडून दिलेली सुरक्षा-प्रतिनिधी. वीस वर्षं वायरी ओवून तिची बोटं कडक झाली होती आणि जीभ त्याहून कडक. तिनं कायदा पाठ केला होता. दिवा लाल झाला की काम टाकून बाहेर पडायचं, पगार चालू. त्यानंतर जी आजारी पडेल तिचा आजार कारखान्याचा, भरपगारी रजा, दवाखाना मालकाचा. मात्र दिवा हिरवा असेल तर काम नाकारता येणार नाही, आणि कुणाला ताप आलाच तर तो घरचा. एवढा सगळा न्याय त्या एका दिव्याच्या हातात दिला होता.

सुरुवातीला दिव्यानं न्याय केलाही. श्रावणात लाल झाला, बाया बाहेर बसून राहिल्या आणि पूर्ण पगार घेऊन घरी गेल्या. गणपतीनंतर पुन्हा झाला. प्लांट हेड खांडके साहेबांचा नुसता तिळपापड. बायांनी त्या यंत्राचं नाव राखणदार ठेवलं.

आणि मग खंडेनवमी आली.

आता खंडेनवमीला कारखान्यात काय होतं हे काय सांगायला हवं? फुलांच्या माळा, पेढे, आणि प्रत्येक मशीनला हळद-कुंकू. वायरींची टोकं दाबणारी मशीनं झाली, तपासणीचे बोर्ड झाले, माल उचलणारी गाडी झाली. ताट वैजयंताच्याच हातात होतं. तेवढ्यात मंदोदरी मावशी, लाईनवरची सगळ्यात जुनी बाई, मागून ओरडली, "आगं, राखणदाराला इसरलीस व्हय!" वैजयंता स्टुलावर चढली. जाळीच्या वर हळदीचं बोट ओढलं, कुंकू लावलं, चिमूटभर हळद वरून वाहिली. पंखा चालूच होता. खाली खांडके साहेबांनी नारळ फोडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसानंतर दिवा एकदाही लाल झाला नाही.

"पावला गं बया," मावशी म्हणाली. गावोगावी धापेनं कहर मांडला होता आणि आपल्या हॉलची हवा मात्र स्वच्छ, म्हणजे देव पाठीशी आहे, दुसरं काय! बायांनी मग दर शुक्रवारी त्याला हळद-कुंकू वाहायला सुरुवात केली. खांडके साहेबांची तर कळीच खुलली. लाईन एक दिवस थांबली नव्हती. कॅन्टीनमधून हळदीचं पाकीट द्यायला त्यांनी स्वतः सांगितलं.

दिवाळी झाली आणि अंजिरा पडली.

अंजिरा म्हणजे वैजयंताची धाकटी जाऊ. वैजयंतानंच तिला कारखान्यात लावलं होतं. कंत्राटावर होती, महिन्याभरात कायम होणार होती. ताप आला, धाप लागली, तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं. कारखान्यानं यंत्राच्या नोंदी काढल्या. सगळ्या हिरव्या. म्हणजे आजार घरचा. रजा बिनपगारी, आणि वर कंत्राट संपल्याची चिठ्ठी. आरोग्य खात्यानं तिच्या दारावर कागद चिकटवला आणि गल्लीत तिच्या म्हशीचं दूध कुणी घेईना. घरात दुसऱ्या कुणाला साधी सर्दीसुद्धा नव्हती! अंजिराच्या नवऱ्यानं अपील केलं. सुनावणी सोमवारी होती. तोवर लाईनवरच्या आणखी दोघी घरी बसल्या होत्या, आणि दिवा हिरवाच होता.

भाकरी गुंडाळून वैजयंता हॉलमध्ये परतली तोच वीज गेली. बंद हॉल, काळोख गुडुप. बाया कलकलाट करायला लागल्या. राखणदाराला स्वतःची बॅटरी होती, त्यामुळं तेवढाच जागा राहिला. वैजयंता सहज वर बघत होती. मिनिट झालं आणि यंत्राच्या आत निळा प्रकाश लखलखला. त्याबरोबर अख्खी जाळी, जाळीच्या कडा, आतलं पंख्याचं पातं, सगळं हिरवट-पिवळं झगमगलं आणि विझलं.

तिनं आणखी एक मिनिट थांबून पुन्हा पाहिलं. हळदीचं बोट जिथं ओढलं होतं तिथं सगळ्यात जास्त उजेड होता.

वीज आल्यावर तिनं पाण्याचं निमित्त केलं आणि मागच्या नळाशी जाऊन तरन्नुम मुजावरांना फोन लावला. मुजावर बाई सरकारी सुरक्षा-निरीक्षक. प्रतिनिधींच्या प्रशिक्षणात ओळख झाली होती. लाल नोंदीशिवाय कारखान्यात पाऊल टाकायचा त्यांना हुकूम नव्हता, पण त्या फोन तरी उचलायच्या.

वैजयंतानं पाहिलं ते सगळं सांगितलं.

"या अल्ला," मुजावर बाई म्हणाल्या. "वैजयंताताई, हळद निळ्या प्रकाशात चमकते. अगदी त्याच रंगात. पंख्यानं ती आत ओढली, काचेवर बसली. पहाटे शून्य लावताना यंत्राला वाटलं ही धूळ आहे. आता तोंडापर्यंत भरलेल्या तांब्यात कुणी आणखी पाणी ओतलं तर तांब्यात वाढ दिसेल का? तसं झालंय. विषाणू येत असतील, चमकतही असतील, पण मोजणारा आधीच भरलाय. त्याला फरकच दिसत नाही."

"म्हणजे हवा घाण आहे."

"असणारच. तीन बाया पडल्यात ना?"

"मग या, आणि फोडा ते सील!"

"आधी ऐका. मी अजून काही ऐकलेलं नाही, असं समजून ऐका." मुजावर बाईंचा आवाज खाली आला. "यंत्र आपोआप बिघडलं असेल तर दोष मालकाचा. तुमच्या जावेला सगळं मिळेल, रजा, खर्च, नोकरी. पण कामगाराच्या हातानं बिघडलं असेल तर ती छेडछाड. त्या काळातले सगळ्या कामगारांचे दावे बाद. आणि जिनं केलं तिची नोकरी जाते."

"हे कलम कुठल्या शहाण्यानं घातलं?"

"ज्यांना भीती होती की बाया पगारी सुट्टीसाठी दिवा मुद्दाम लाल करतील. मुद्दाम हिरवा कुणी करेल असं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

वैजयंतानं नळ जोरात पिळून बंद केला.

"आणखी एक," मुजावर बाई म्हणाल्या. "हळदीची चमक त्या प्रकाशानंच हळूहळू मरते. या शुक्रवारी कुणी हळद लावली नाही, बाहेरचं बोट पुसून टाकलं, तर चार-सहा दिवसांत यंत्र आपलं आपण ताळ्यावर येईल. मग सोमवारी सुनावणीत म्हणता येईल की मध्ये बिघाड होता. कशानं झाला ते कुणाला कळणार नाही. मी तुम्हाला काय करा ते सांगत नाहीये. छेडछाडीची कबुली घ्यायला मात्र मला लाल नोंदीशिवायही येता येतं. माझ्यासमोर कारखान्यात बोललात तर मला लिहून घ्यावंच लागेल. मग मी तिथल्या तिथं सील तोडू शकते."

संध्याकाळी वैजयंता दवाखान्यात गेली. आत सोडत नव्हते. काचेच्या अल्याड ती, पल्याड अंजिरा, आणि बोलायचं मोबाईलवर. अंजिराचं तोंड एवढंसं झालं होतं. तरी तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अक्का, तू मला विचारायला आलीस का सांगायला?"

"विचारायला."

"मग गप्प बस. सोमवारपर्यंत गप्प बस." अंजिराला दम लागला, ती थांबली. "माझी काय चूक आहे? मी तर हळदसुद्धा लावली नाही कधी. तू लावलीस. कारखान्यात तूच आणलंस मला. आता माझं सगळं जायला लागलंय तर तुला खरं बोलायची हौस आली?"

"हौस नाही गं. त्या हॉलमध्ये साठ बाया उभ्या आहेत."

"चार दिवस उभ्या राहतील! मी पण राहिलेच होते की. जगले ना?" असं म्हणताना तिला खोकल्याची उबळ आली आणि नर्सनं येऊन मोबाईल काढून घेतला. वैजयंता निघाली तेव्हा अंजिरानं काचेवर हात टेकवला. वैजयंतानं मान हलवली. गप्प राहीन, असा त्याचा अर्थ होता, आणि दोघींनाही तो कळला होता.

दुसऱ्या दिवशी वैजयंता लवकर गेली. ओल्या फडक्यानं तिनं राखणदाराच्या कपाळावरची हळद पुसून काढली. मग बायांना म्हणाली, "एक फळी सोडून उभ्या राहा, तोंडाचं फडकं काढू नका." कारण सांगितलं नाही. सुपरवायझर धावत आला. दिवा हिरवा आहे, जागा सोडायची नाही, फळी अडली तर पगार कापीन. बाया पुन्हा खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. वैजयंतानं जीभ चावली. आपण प्रतिनिधी कशाच्या आहोत, बोलायचं सोडून जीभ चावायच्या?

चहाच्या वेळेला तिनं मंदोदरी मावशीला जिन्यात पाहिलं. मावशी मधल्या पायरीवर भिंतीला धरून उभी होती. तोंड उघडं, छाती वर-खाली.

"मावशी! कधीपासून?"

"कालपासनं. बोलू नगंस कुठं." मावशीनं तिचा हात घट्ट धरला. "दिवा हिरवा हाय, मग ह्यो ताप घरचाच म्हणत्याल. पोरी, माझ्या घरात मी एकटी. कुणाकडनं आला म्हणून सांगू?"

"घरी जा तू."

"आन पगार? तुझा कायदा देतोय का?" मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि वर चढली. फळीशी जाऊन उभी राहिली. तिच्या एका बाजूला बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच आलेली एक पोरगी, दुसऱ्या बाजूला वैजयंताच्याच गावची दोन पोरांची आई. सोमवार अजून लांब होता.

वैजयंता जिन्यातच उभी राहिली. शिव्या दिल्या. कायद्याला दिल्या, खांडकेला दिल्या, त्या इंजिनिअरला दिल्या, स्वतःच्या हाताला दिल्या. मग मोबाईल काढला आणि मुजावर बाईंना म्हणाली, "या. मला बोलायचंय."

दुपारी मुजावर बाई आल्या. लाईन थांबवली नव्हती, त्यामुळं वैजयंताला मशीनच्या आवाजावर ओरडून बोलावं लागलं. खंडेनवमीपासून सगळं सांगितलं. सांगताना तिनं फक्त आपलं नाव घेतलं. शुक्रवारच्या बायांबद्दल मुजावर बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मीच. दर शुक्रवारी मीच." मंदोदरी मावशीनं तोंड उघडलं, तर वैजयंतानं असे डोळे वटारले की मावशी खाली बघायला लागली.

"आणि साहेबांनी नारळ फोडला होता, तेही लिहा," वैजयंता म्हणाली. "हळद कॅन्टीनची होती, तेही लिहा."

"नारळ मी फोडला," खांडके साहेब ताडकन म्हणाले. "पण तो खाली फोडला. यंत्राला शिंतोडासुद्धा उडाला नाही. हळद आम्ही भाजीसाठी देतो. बाया तिचं काय करतात याला व्यवस्थापन जबाबदार नाही."

"टाळ्या कुणी वाजवल्या मग?"

"टाळ्या वाजवणं छेडछाडीत येत नाही," मुजावर बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. त्यांचा चेहरा ताणलेला होता. "मालकानं जाणूनबुजून केलं तरच त्यांच्यावर येतं. कामगारानं नकळत केलं तरी येतं. माफ करा ताई, लिहिलंय तसंच आहे."

"वा! नकळत केलं तर साहेबाला माफी आणि आम्हाला शिक्षा, मग उरलंच काय! बरं, तोडा ते सील."

सील तोडलं. काच बाहेर काढली तर पिवळीधमक. नवी काच घातली, यंत्र मागच्या मोकळ्या मैदानात नेऊन शून्य लावलं, परत आणून खांबावर टांगलं. सगळ्या बाया फळ्या सोडून वर बघत उभ्या होत्या. सुपरवायझरही आता काही बोलत नव्हता. निळा प्रकाश लखलखला. एकदा, मग पुन्हा. दिवा हिरवा, पिवळा, आणि मग लालभडक. भोंगा असा कर्कश वाजायला लागला की बायांनी कानांवर हात ठेवले.

त्या क्षणापासून कायदा अगदी सुतासारखा सरळ चालला. लाईन बंद झाली. बाया ओळीनं बाहेर पडल्या, पगार चालू राहिला. गेटवर तपासणीची गाडी आली आणि मंदोदरी मावशीला तिथूनच दवाखान्यात भरती केलं, मालकाच्या खर्चानं. "आलं गं बाई माझं नशीब उजळून," मावशी धापा टाकत म्हणाली आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. हा सगळा कायदा कालही होता, परवाही होता, हे आठवून वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाया पांगल्या. वैजयंता गेटबाहेर दगडावर बसली. आत तिच्या निलंबनाचा कागद छापला जात होता, तो घेतल्याशिवाय जायचं नाही असं सांगितलं होतं. तेवढ्यात मोबाईल वाजला. अंजिरा होती.

"लाल झाला म्हणे."

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्या बायांचे फोन येऊन गेले. खुशीत आहेत." अंजिरा श्वास घ्यायला थांबली. "मावशीला रजा मिळाली?"

"मिळाली. आजपासून जी पडेल तिला मिळेल."

"आजपासून."

"हो."

"किती जणी बाहेर आल्या गं अक्का?"

"सगळ्या," वैजयंता म्हणाली.

वैजयंतानं कितीतरी बोलायचं ठरवलं होतं. अपील पुढं नेऊ, कलमाविरुद्ध लढू, वकील बघू, मी भांडते, मी आहे ना.

"मी सोडून सगळ्या," अंजिरा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

वॉचमननं गेटातून हाक मारली. कागद तयार होता, सही करायला आत बोलावलं होतं. वैजयंता उठली, दोन पावलं चालली. ती पुन्हा खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ढसाढसा रडली.